टॉवेलाखालचा करार

माझ्या पहिल्या कादंबरीचा करार नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात, एका मळक्या टॉवेलाखाली, बोटांनी झाला. हे मी आजवर कुठल्याही भाषणात सांगितलेलं नाही. सत्काराला उभी राहिले की कुणीतरी विचारतंच, "ताई, लेखनाला घरातून पाठिंबा होता का?" आणि मी "हो, होता" म्हणून खांद्यावरची शाल सावरते. तो पाठिंबा नेमका कसा होता हे सांगायला बसले तर हातातला हार सुकून जाईल. आता गुडघे कुरकुरायला लागलेत, डॉक्टरांनी जिना बंद केलाय, तेव्हा बसल्या जागी लिहून टाकते.

आमचं घर नेकनूरपासून चालत अर्ध्या तासावर. शेळ्या-मेंढ्या हाच आमचा धंदा, शिवाय थोडी कोरडवाहू जमीन. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्यांना अक्षर येत नव्हतं, पण बाजारात त्यांच्या हाताला मान होता. आमच्याकडे जनावराचा सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात धरतात, वरून टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून बोलणी करतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव कुणाला कळत नाही. लांबलांबची माणसं आबांना आपल्या वतीने हात धरायला बोलवायची. आबा आत बोटं धरून बसायचे आणि चेहरा असा ठेवायचे की जणू त्यांना झोप आलीय.

घरात बाया तीन. माय, जिचं बोलणं भाकरी थापतानाच व्हायचं. तवा उतरला की ती गप्प. आबांची थोरली बहीण गयाआत्या, जी ऐन तरुणपणी सासर सोडून आली होती, आणि येताना आपल्या माहेरहून नेलेल्या शेळ्याही मोजून परत घेऊन आली होती. आणि मी, जिला शेळ्यांमागे पाठवलं की शेळ्या दुसऱ्याच्या तुरीत आणि मी वहीत. गयाआत्या हसायची तेव्हा कोंबड्या उडायच्या. सकाळी मायच्या भाकरीचा थापथाप आवाज, करडांचं ओरडणं आणि आत्याचं शेळ्यांशी चाललेलं भांडण, या तिन्हींच्या मध्ये बसून मी सात वह्या भरल्या. कादंबरी आत्याचीच होती, तिच्या पळून येण्याची. मी नावही बदललं नव्हतं. घरात सगळे त्या कादंबरीला "ती" म्हणायचे. माय विचारायची, "झाली का गं ती?" एखादी शेळी व्यायला झाली का, असं विचारावं त्या आवाजात.

मी केजच्या कॉलेजात होते. तिथल्या मराठीच्या सरांनी पहिल्या दोन प्रकरणांची नक्कल पुण्याच्या एका प्रकाशकांना पाठवली, आणि एक दिवस कॉलेजच्या पत्त्यावर जाड पाकीट आलं. आत पत्र, "आपली कादंबरी प्रकाशित करण्यास आम्ही उत्सुक आहोत, संपूर्ण हस्तलिखित पाठवावे," आणि सोबत कराराच्या दोन प्रती. पुढचं मी वाचलंच नाही. मला हसू फुटलं ते थांबेना. केजच्या स्टँडवर एका बाईच्या पत्र्याच्या ट्रंकेवर कागद ठेवून मी जिथे जिथे रेघ दिसली तिथे तिथे सही केली. ती बाई म्हणाली, "नोकरी लागली काय?" मी म्हटलं, "त्याच्यापेक्षा मोठं." एक प्रत लगेच पोस्टात टाकली, दुसरी पिशवीत घातली आणि एसटीत खिडकीपाशी बसून रस्ताभर हसत राहिले. कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं.

घरी पोचले तर सांज होत होती. मायने ताजी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि अंबाडीची भाजी वाढली होती. आबा म्हणाले, "वाच. कागद वाचल्याबिगर घरात ठिवायचा न्हाई." मी मोठ्या तोऱ्यात वाचायला लागले. पहिलंच कलम, पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे कायमस्वरूपी राहतील.

"कायमस्वरूपी म्हंजी?" आबांनी विचारलं.

"कायमचे."

आबांनी घास तोंडात घातला आणि पुढे वाच म्हणून मान हलवली. पुढचं कलम असं की लेखिकेची यापुढची पाच पुस्तकं आधी याच प्रकाशकाला द्यायची, त्यांनी नको म्हटलं तरच दुसरीकडे. आबा चावायचे थांबले. आमच्याकडे शेळी वाट्याने देतात. सांभाळणारा सांभाळतो, मग पिलं वाटून घ्यायची. पण ती झालेली पिलं. "तू आजून गाबन बी न्हाईस," आबा मला म्हणाले, "आन् त्येनं पाच पिलांच्या कानाला खूण केली?" गयाआत्याला एवढं हसू आलं की तिला ठसका लागला, आणि मायने तिच्या पाठीवर धपाटे घातले.

मला राग आला. मी जोराने वाचायला लागले. सध्या अस्तित्वात असलेल्या व भविष्यात निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांतील हक्क प्रकाशकाचे. यावर तव्यावरची भाकरी उलटत माय म्हणाली, "जे आजून झालंच न्हाई ते बी त्येचं? मंग देवाला काय ठिवलं?" तेव्हा मला मायचा अडाणीपणा वाटला होता. आज ती भविष्यातली माध्यमं माझ्या पर्समध्ये वाजत असतात आणि माझी पुस्तकं त्यांत कुणीतरी मोठ्याने वाचतंही. माय तव्यापाशी बसून फार पुढचं बोलून गेली होती.

मग ते कलम आलं. सदर साहित्यकृतीतील पात्रे, त्यांची नावे व त्यांच्या जीवनातील प्रसंग यांचा लेखिकेने अन्यत्र कोणत्याही लेखनात वापर करू नये; त्यावरील अधिकार प्रकाशकाचा राहील. मी वाचून संपवलं. मग आत्याने हात पुसले.

"पात्र म्हंजी मीच ना?"

"हो."

"म्हंजी मी आता पुन्याची झाले?"

"तसं नाही आत्या, कागदावरची तू."

"कागदावरची म्हंजी कोन? नाव माजं, शेळ्या माज्या, नवऱ्याच्या डोक्यात घातलेला तांब्या बी माजाच. कावून त्येचा अधिकार? मला कोनी इचारलं?"

ती हसत होती, पण हसण्याच्या मागे दुसरं काहीतरी होतं, आणि मला ते ऐकू येत होतं म्हणूनच मी जास्त चिडले. मी म्हणाले की तुम्हाला पुस्तकातलं काही कळत नाही, सगळे लेखक अशाच सह्या करतात, आणि मी सही करून पाठवलीसुद्धा. पैशाचंही एक कलम होतं, सगळ्यात लहान, ते तर मी वाचलंच नाही. आबा हात धुवायला उठले. एवढंच म्हणाले, "केलीस तर केलीस. वह्या म्या टाकतो पोस्टात, बाजाराला चाललोच हाय."

आणि बाजाराच्या दिवशी त्यांनी वह्यांचं पुडकं खरंच पोस्टात टाकलं. पोस्टमास्तरांची पावती आणून माझ्या हातात दिली. मग मी पुस्तकाची वाट पाहत हवेत चालायला लागले. कॉलेजात मैत्रिणींना आधीच सह्या देऊन ठेवल्या. पुस्तकाच्या पाठीवर टाकायचा फोटो म्हणून स्टुडिओत जाऊन गालावर हात ठेवून फोटो काढला. तो फोटो अजून आहे. त्यात मी आजारी दिसते.

महिना-दीड महिन्याने पत्र आलं. हस्तलिखिताच्या सहाच वह्या मिळाल्या, सातवी नाही. गया शेळ्या घेऊन गावाच्या वेशीपर्यंत आली आहे आणि कथा तिथेच तुटते. करारातील अखेरच्या कलमानुसार संपूर्ण हस्तलिखित हाती आल्याच्या दिवसापासूनच करार अमलात येतो, तरी सातवी वही त्वरित पाठवावी, छपाई खोळंबली आहे. मी घरी धावत आले. सातवी वही शोधायला फार लागलं नाही. गोठ्यात खुंटीवर जनावरं बांधायची दावी टांगलेली असतात, तिथेच एका जुन्या दाव्यात नीट गुंडाळून, गाठ मारून ती लटकत होती.

आबा मेंढ्यांचे खूर साफ करत होते. मी वही त्यांच्यापुढे धरली तर त्यांना माझ्या रागाचं कारणच कळेना. "आगं, जनावर इकलं तरी दावं कोनी देतं का?" ते म्हणाले. आमच्याकडे ही रीतच आहे. गाय जाते, बैल जातो, पण दावं विकणाऱ्याच्या घरी परत येतं. दावं दिलं तर गोठा रिकामा होतो म्हणतात. आबांना वाटलं होतं, पुस्तक पाठवायचं म्हणजे सगळं कसं पाठवायचं, थोडं घरी राहिलंच पाहिजे. त्यात कावा काही नव्हता. करारातलं शेवटचं कलम मी त्यांना वाचून दाखवलंच नव्हतं. एवढा मोठा करार एका दाव्यामुळे अडकून पडलाय हे कळल्यावर आत्या जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मलाही हसू यायला लागलं, आणि ते येतंय याचाच जास्त राग आला.

आबांनी गाठ सोडली, वही माझ्या हातात दिली. "तुजी हाय. टाकायची तर टाक पोस्टात. म्या अडवनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन केजला निघाले. आत्याने भाकरी बांधून दिली आणि दारात उभी राहून विचारलं, "वही गेल्यावर मला आत्या म्हनायचं का त्येला इचारून म्हनायचं, तेवडं सांगून जा." चेष्टाच होती. एसटीत मी वही उघडली. शेवटच्या पानांत गया वेशीत उभी आहे आणि घरात जायच्या आधी शेळ्यांना पाणी पाजते, कारण त्या तिच्याबरोबर तेवढंच चालल्यात. हे आत्याने मला सांगितलं नव्हतं. मी एकदा तिला विहिरीवर पाहून लिहिलं होतं. अजून किती तरी होतं, जे मी लिहिलं नव्हतं. तिचं म्हातारपण यायचं होतं. तिचे हात, तिचा तो ठसका, तिने तुरीत घुसलेल्या शेळीला दिलेल्या शिव्या, हे सगळं मला पुढे आयुष्यभर लिहायचं होतं, आणि एका सहीने ते मी न भेटलेल्या माणसाला देऊन टाकत होते. त्याच वेळी मला पुस्तकही हवं होतं. केजच्या पोस्टाच्या पायरीवर मी आत्याची भाकरी खाल्ली, तिथेच रडले, आणि वही घेऊन परत आले. आबांनी ती पुन्हा त्याच दाव्यात गुंडाळली. संध्याकाळी मी प्रकाशकांना पत्र लिहिलं, शब्द आबांचे, अक्षर माझं: सातवी वही घरी आहे, आपण बाजाराच्या दिवशी नेकनूरला यावे.

ते येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण आले. पांढरा शर्ट, कातडी पिशवी, मांजरसुंब्याला उतरून ढाब्यावर रबडी खाऊन मग जीपमध्ये दाटीवाटीने बसून. रबडीमुळे आधीच खुशीत होते. मला म्हणाले, "खरं सांगू? कामासाठी मी माणूस पाठवला असता. पण सहावी वही संपल्यापासून मला चैन नाही. ती घरात गेली की नाही?" हे ऐकून मी त्यांना तिथेच वही दिली असती. आबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी पिशवी घट्ट धरली.

बैलांच्या रांगेत, कडब्याच्या पेंढ्यांवर बसकण झाली. प्रकाशक म्हणाले, "काका, हा छापील नमुना आहे. सगळ्या लेखकांना हाच असतो."

"बाजारात समद्यास्नी येकच भाव नसतो, सायेब," आबा म्हणाले आणि हात पुढे केला. प्रकाशकांना वाटलं हस्तांदोलन. त्यांनी हात दिला, आबांनी खांद्यावरचा टॉवेल त्यावर टाकला, आणि पुण्याच्या प्रकाशन व्यवसायातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांचा हात नेकनूरच्या बाजारात अडकला. भोवती लगेच माणसं जमली. आबांचा हात टॉवेलात गेलाय म्हटल्यावर कुणाचाही बैल सोडून लोक बघायला येत.

"सुमे, इचार त्येस्नी," आबा म्हणाले, "पुस्तक किती वरसं ठिवनार. बोटं धरून सांगायचं."

"पण करारात कायमस्वरूपी आहे," प्रकाशक म्हणाले.

"मंग धरा."

प्रकाशक टॉवेलाखाली चाचपडू लागले. त्यांनी आधी दोन बोटं धरली असावीत, मग पाची, मग मनगट. आबांनी प्रत्येक वेळी मान हलवली. "ही दोन वरसं झाली. ही पाच. हा निस्ता माजा हात हाय, सायेब. कायमसाठी हातात बोटच न्हाई."

माणसं हसली. प्रकाशक हसले, आणि मग त्यांना हसू आवरेनासं झालं, कारण त्यांना तळहाताला गुदगुल्या होत होत्या, आणि आबा ते ओळखून मुद्दाम अंगठा फिरवत होते. माझ्या आयुष्यात मी एवढी आनंदात कधी नव्हते. माझ्या पुस्तकासाठी भांडण चाललं होतं, बैल हंबरत होते, आणि समोर एक मोठा माणूस कडब्यावर लोळायचा बाकी होता. आता इतक्या वर्षांनी, मागच्या महिन्यात केजची एक मुलगी तिचा करार फोनवर दाखवायला आली. त्यात लिहिलं होतं, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी. मी न बोलता ओढणीखाली तिचा हात धरला आणि म्हटलं, कुठलं बोट ते दाखव.

शेवटी आत काय झालं ते दोघांनाच माहीत. आबांनी टॉवेल काढला आणि म्हणाले, "पाच वरसं. मंग ती माघारी घरी." पुढच्या पाच पुस्तकांसाठी त्यांनी उघड्यावर मूठ मिटून दाखवली. मूठ म्हणजे काही नाही. पात्रांच्या कलमावर ते बोललेच नाहीत. मागे सरकून त्यांनी आत्याला पुढे केलं. आत्या पदर खोचून उभी राहिली.

"मीच ती," ती म्हणाली. "न्यायचं तर मला न्या. निगाले बगा."

प्रकाशकांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. सहा वह्या ज्या बाईबरोबर ते चालले होते ती समोर उभी होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्यासाठी मी त्यांना बाकी सगळं माफ केलं. त्यांनी पेन काढलं, मिठाच्या पोत्यावर कागद ठेवून ते कलम आडवं खोडलं, पाच पुस्तकांचं खोडलं, कायमस्वरूपी खोडून पाच वर्षे लिहिलं, आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी आम्ही दोघांनी सह्या केल्या. या वेळी मी एकेक शब्द वाचून सही केली. मग आबांनी सातव्या वहीभोवतीचं दावं सोडलं, वही त्यांना दिली आणि दावं स्वतःच्या खांद्यावर टाकलं. प्रकाशक तिथेच वाचायला बसले. आत्या त्यांच्या समोर उकिडवी बसून त्यांचा चेहरा बघत राहिली. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तिला विचारलं, "शेळ्यांना आधी पाणी पाजलं?"

"मंग? त्या काय कागदावर चालल्या?"

पुस्तक निघालं. गाजलं वगैरे काही नाही. दोन ठिकाणी चांगलं छापून आलं, एका ठिकाणी भाषा अशुद्ध आहे असं आलं, ते आत्याने कापून ठेवलं. मग त्याचं काय झालं, किती खपलं, कुठल्या दुकानात धूळ खात पडलं, काही कळायचं नाही. पत्राला उत्तर येईना. मी नोकरीला लागले, माझं लग्न झालं, मी विसरले. आबा विसरले नाहीत. पाच वर्षं भरली त्या दिवशी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, ते जुनं दावं पिशवीत घातलं आणि एकटेच पुण्याच्या गाडीत बसले. जनावर आणायला जाताना दावं आपलं न्यायचं असतं. मी माहेरी आले होते. दोन दिवस घरात कुणाला चैन नव्हतं. माय तव्यापाशीसुद्धा बोलेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी आबा नेकनूरच्या स्टँडकडून चालत आले. डोक्यावर मोठं ओझं. उरलेल्या सगळ्या प्रती, दाव्याने चारी बाजूंनी आवळलेल्या, आणि शर्टाच्या खिशात हक्क परत केल्याचा सहीशिक्क्याचा कागद. दारात ओझं उतरवून म्हणाले, "आनली." एवढंच. मला हसू फुटलं आणि त्याच्यामागोमाग रडू, दोन्ही एकदम, आणि आबांच्या गळ्यात पडायला आमच्यात लाजतात म्हणून मी त्या ओझ्यालाच मिठी मारली.

आत्या आतून तांब्या घेऊन आली. घरी आलेल्या जनावराच्या पायांवर घालतात तसं तिने ओझ्यापुढे पाणी ओतलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि सगळ्यात वरच्या प्रतीवर कुंकवाचं बोट टेकवलं. ती प्रत आत्ता माझ्यासमोर आहे, कुंकू अजून फिकं दिसतं. मग तिने एक प्रत उचलली, स्वतःचं आयुष्य दोन्ही हातांत तोललं, पानांवरून हात फिरवला आणि काळजीने म्हणाली, "लई वाळली गं. चारापानी बगितलं न्हाई वाटतं कोनी."